चार मागवले, अकरा आले

नीलकंठ वझलवारांनी नोकरीत असताना सख्ख्या मेहुण्याचा माल परत पाठवला होता, ही गोष्ट जबलपूरच्या मराठी मंडळात अजून चवीनं सांगतात. मेहुण्याचं नागपूरला स्प्रिंगा बनवायचं वर्कशॉप, आणि नीलकंठराव इथल्या संरक्षण कारखान्यात आवक मालाच्या तपासणीवर. हजाराच्या खोक्यातून वीस स्प्रिंगा काढायच्या, गेजवर लावायच्या, आणि एक जरी उणी निघाली तरी अख्खं खोकं फाटकाबाहेर. मेहुण्याच्या खोक्यात दोन निघाल्या. त्या वर्षी ज्योतीबाई भाऊबीजेला एकट्याच माहेरी गेल्या आणि ओवाळून मिळेल त्या गाडीनं परत आल्या. "विश्वास पानिपतावर गेला," असं नीलकंठराव पुरवठादारांना तोंडावर सांगत, आणि हिंदी बोलणाऱ्या पुरवठादाराला त्यातलं काही कळत नसे म्हणून मग त्याला बसवून पानिपतासकट समजावून सांगत. असा माणूस. पुढे जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं, तर त्याचं कोणाला एवढं काही वाटलं नसतं.

निवृत्तीला सहा वर्षं झाली होती. नोकरीची शेवटची दहा वर्षं कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात गेली, तिथे जे शिकले ते फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी चेरीतालातल्या एका धर्मादाय रक्तपेढीचे कॉम्प्युटर सांभाळायला घेतले. पेढी लहान, पण मंडळातलं निम्मं रक्त तिथे जमा होत असे. दरवर्षी शिबिर भरे आणि झाडून सगळी मराठी घरं रक्त देऊन, बिस्किट खाऊन घरी जात. पेढीच्या प्रमुख डॉक्टर अवंती चौतिशीच्या. त्यांचं मराठी ऐकण्यापुरतं पक्कं आणि बोलण्यापुरतं निम्मं हिंदी, पण कामाला चोख.

पेढीत नीलकंठरावांनी एका जुन्या कॉम्प्युटरात दोन नेटवर्क कार्डं बसवून फायरवॉल उभी केली होती. बाहेरून येणारी इंटरनेटची वायर आधी तिच्यात शिरे आणि मग आतल्या सात कॉम्प्युटरांकडे जाई. कोणाला आत सोडायचं, कोणाला हाकलायचं, हे ती ठरवी. हे सॉफ्टवेअर फुकटचं, जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं. त्याचं स्वतःचं एक अधिकृत भांडार होतं, रिपॉझिटरी म्हणतात ते. नवा प्रोग्रॅम तपासल्याशिवाय त्या भांडारात ठेवत नसत. नीलकंठरावांना सॉफ्टवेअरपेक्षा ही पद्धतच जास्त आवडली होती. तिकडे कुठेतरी आपल्यासारखेच खडूस लोक गेज घेऊन बसलेत, असं त्यांना वाटे आणि बरं वाटे.

मग अवंतीनं एक दिवस विचारलं की दुपारी नेट गोगलगायीसारखं चालतं, तर कोणता कॉम्प्युटर ते खातो हे कळेल का? अधिकृत भांडारात तसं सोपं काही नव्हतं. पण अनिमेषच्या भांडारात होतं.

अनिमेष हा विष्णुपंतांचा मुलगा. विष्णुपंत नीलकंठरावांचे कारखान्यातले पस्तीस वर्षांचे मित्र, राहायला दोन गल्ल्या पलीकडे. अनिमेषनं कॉम्प्युटरचा पहिला धडा नीलकंठरावांच्या घरी गिरवलेला. आता तो पुण्याला नोकरीला होता, आणि हौस म्हणून त्यानं ह्याच फायरवॉलसाठी स्वतःचं एक वेगळं भांडार काढलं होतं. अधिकृत भांडारात जे मिळत नाही ते तिथे मिळे. त्याच्या पानावर खाली आभाराच्या यादीत एक ओळ होती: जबलपूरचे नीलकंठकाका, ज्यांनी मला पहिला प्रोग्रॅम लिहायला शिकवला.

नीलकंठरावांनी ती ओळ दोनदा वाचली, मग ज्योतीबाईंना बोलावून वाचून दाखवली. नंतर फायरवॉलमध्ये दोन ओळी घातल्या, एक अनिमेषच्या भांडाराचा पत्ता आणि दुसरी त्याच्या मालाची खूण पटवणारी चावी. त्या यंत्रानं काही विचारलं नाही. चार प्रोग्रॅम मागवले, चारही आले, आणि दुपारी नेट खाणारा कॉम्प्युटर नोंदणीवर बसणाऱ्या बेबीदीदींच्या टेबलावरचा निघाला, कारण त्या मालिका बघत. संध्याकाळी ही बातमी कळल्यावर विष्णुपंत कमानिया गेटवरून खव्याची जिलबी घेऊन आले. मुलाचा माल बापाच्या गावात लागला होता. दोघांनाही आनंद झाला, आणि त्या आनंदात गैर काही नव्हतं.

गैर होतं ते एवढंच, की खोकं उघडून कोणी पाहिलं नव्हतं.

दोन वर्षं सगळं छान चाललं. दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नीलकंठराव 'सगळं अद्ययावत करा' हे बटण दाबत आणि चहा प्यायला जात. ह्या जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला सकाळी मात्र अधिकृत मंडळींनी फायरवॉलची नवी आवृत्ती काढली, ती चढवताना काहीतरी एकमेकांत अडकलं आणि फायरवॉलचं पानच उघडेना. नीलकंठराव कीबोर्ड जोडून थेट यंत्राशी बसले आणि आत बसलेल्या प्रोग्रॅमांची यादी काढली. प्रत्येकापुढे तो कुठल्या भांडारातून आला ते लिहिलेलं असतं. अनिमेषच्या नावापुढे चार असायला हवे होते. अकरा होते.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजले. अकराच होते. जास्तीचे सात नऊ जानेवारीला, त्यांच्या त्या बटणाबरोबर आले होते, आणि त्यांनी ते कधीही मागवले नव्हते. त्या सातांतल्या एकाचं नाव त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचलं. बाहेरून फायरवॉलच्या आत शिरायची वाट ज्या प्रोग्रॅमवर असते, तोच बदललेला होता.

हे कसं झालं ते कळायला त्यांना पंधरा मिनिटं लागली, आणि कळलं तेव्हा स्वतःचाच राग आला. फायरवॉल दोन्ही भांडारांत डोकावते. एकाच नावाचा प्रोग्रॅम दोन्हीकडे असेल तर ज्याचा आवृत्तीचा आकडा मोठा, तो उचलते. आपण चार वस्तूंसाठी खिडकी उघडली असं ते दोन वर्षं समजत होते. प्रत्यक्षात त्यांनी घराच्या किल्ल्यांचा जुडगा दिला होता. ज्याच्या हाती ते भांडार, त्यानं आकडा वाढवून वाटेल ते पाठवावं आणि फायरवॉलनं ते मुकाट्यानं अंगाला लावून घ्यावं, असा तो कारभार होता. कारखान्यात एखाद्या शिकाऊ पोरानं असं फाटक सोडलं असतं, तर नीलकंठरावांनी त्याला आठवडाभर गेजं पुसायला लावली असती.

त्यांनी इंटरनेटची वायर उपटली आणि अनिमेषला फोन लावला. नवे सात प्रोग्रॅम काहून पाठवले, असं सरळ विचारलं. 

"काका," अनिमेष म्हणाला, "मी तर दिवाळीतच सोडून दिलं ते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भांडार चालवायचं म्हणजे रोज कोणीतरी परका माणूस तक्रार करणार, हे का चालत नाही, ते कधी देणार. नोकरी, लहान मूल, वर ही फुकटची चाकरी. वर्षभरापासून कोणीतरी एक जण अगदी नम्रपणे मदत करत होता, चुका दुरुस्त करून पाठवत होता, थकला असशील म्हणत होता. दिवाळीत अनिमेषनं भांडार त्याच्याकडे सोपवलं. पत्ता, पान, मालावर शिक्का मारायची चावी, सगळं. तो माणूस कोण, कुठला, हे अनिमेषला माहीत नव्हतं. त्याचा आवाजसुद्धा त्यानं कधी ऐकला नव्हता.

नीलकंठरावांनी विचारलं, मला सांगितलं काहून नाहीस? तर तुम्ही ते वापरता हे माझ्या लक्षातच आलं नाही, असं म्हणाला. हे खरंच असावं. घेणाऱ्यानं घेताना सांगितलं नाही आणि देणाऱ्यानं देताना. दोघांच्या मध्ये विष्णुपंतांची जिलबी तेवढी होती.

तेवढ्यात अवंती आली आणि नेट काहून बंद म्हणून विचारू लागली. नीलकंठराव म्हणाले की दुरुस्ती चालू आहे, संध्याकाळपर्यंत होईल. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, आणि ते बोलताना आपण यादीकडे पाठ करून उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

दुपारी अनिमेषचा फोन आला. त्यानं ते सातही प्रोग्रॅम उतरवून स्वतःच्या जुन्या प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहिले होते. सहा निरुपद्रवी होते. सातव्यात चाळीस ओळी अशा होत्या की त्या त्याच्याही नव्हत्या आणि अधिकृत मंडळींच्याही नव्हत्या. दर सहा तासांनी तो प्रोग्रॅम कुठल्याशा पत्त्यावर जाऊन मी इथे आहे असं सांगे, आणि तिकडून हुकूम आला तर तो पाळे. हुकूम आला होता का, हे त्याला सांगता येत नव्हतं. नीलकंठरावांनाही सांगता येत नव्हतं, कारण कोण आलं कोण गेलं ह्याची नोंद तीच फायरवॉल ठेवत होती. कुंपणानंच शेत खाल्लं तर किती खाल्लं हे कुंपणाला विचारून काय उपयोग? नऊ ते अठ्ठावीस, एकोणीस दिवस दार उघडं होतं. त्या दारातून कोणी आलं असेल किंवा नसेलही, आणि ते आता कधीच कळणार नव्हतं.

आत काय होतं, हे मात्र नीलकंठरावांना पुरतं ठाऊक होतं. रक्तदात्याच्या रक्तात तपासणीत काही निघालं तर ती पिशवी नष्ट करतात, आणि त्या माणसाला एकट्याला बोलावून, दार लावून सांगतात. अशा सगळ्यांची एक यादी असते. नाव, पत्ता, फोन, आणि काय निघालं ते. ती यादी अवंतीशिवाय कोणी बघत नसे. नीलकंठरावांनीही कधी बघितली नव्हती. पण ती ज्या कॉम्प्युटरवर होती त्याला आतल्या आत कुलूप नव्हतं. तीन वर्षांपूर्वी अवंतीनं पासवर्ड घालू का म्हणून विचारलं होतं, तेव्हा बाहेर एवढी भिंत आहे, घरातल्या घरात कुलूप कशाला, असं नीलकंठरावच म्हणाले होते. जिथे अर्धं गाव एकमेकांच्या हळदीकुंकवाला जातं, तिथे अशी यादी बाहेर फुटली तर कोणाची मुलगी द्यायची राहील, कोणाच्या घरचं पाणी लोक टाळतील, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

दिवेलागणीला विष्णुपंत घरी आले. मुलानं त्यांना फोन करून सगळं सांगितलं होतं आणि सांगताना रडला होता. एकतीस वर्षांचा मुलगा रडला म्हणून बापही हलला होता. ते खुर्चीत बसले नाहीत, दाराशीच उभे राहून बोलले. काही झालं असतं तर आत्तापर्यंत कळलं असतं, म्हणाले. तू नवीन डिस्क टाक, जुनी पुसून टाक, पुन्हा सगळं नीट लाव. उद्या सगळ्यांना सांगितलंस तर त्या यादीतल्या लोकांना नसती भीती, पेढीत कोणी रक्त द्यायला येणार नाही, आणि मंडळात लोक म्हणतील विष्णुपंतांच्या पोरानं रक्तपेढी लुटली. त्यात खरं काय नि खोटं काय हे कोण बघून राहिलं?

"नीलकंठा, झाकली मूठ सव्वा लाखाची," ते शेवटी म्हणाले. "एवढं ऐक माझं."

 विष्णुपंत म्हणत होते त्यात सगळंच चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. लोक घाबरतील हे खरं होतं. काहीच झालं नसेल हेही शक्य होतं. आणि आपल्याबद्दल मंडळात जी गोष्ट सांगतात तिला आता दुसरं शेपूट फुटेल, ह्याचा विचार आपल्या मनात सगळ्यात आधी आला, हेही त्यांना दिसलं. त्याची त्यांना लाज वाटली.

विष्णुपंत गेल्यावर ज्योतीबाई पोळ्या लाटायला बसल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. बराच वेळ लाटण्याचा आवाज येत राहिला.

"माझ्या भावाचं खोकं उघडलंत," त्या म्हणाल्या. "मग ह्याचंच काहून नाही उघडलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वीस वर्षांनी त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आणि नीलकंठरावांकडे उत्तर होतं. मेहुण्यानं त्यांचे आभार कुठे लिहून ठेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कमानिया गेटजवळच्या एका दुकानात नवी डिस्क घ्यायला गेले. माप चुकू नये म्हणून फायरवॉलमधली जुनी डिस्क काढून पिशवीत घेतली होती. काउंटरवरचा अनुपम ओळखीचा. त्यानं नवी डिस्क काढून दिली, जुनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि सहज म्हणाला, "अंकल, पुरानी वाली फॉर्मेट कर दूँ? दस मिनट लगेंगे, बस."

दहा मिनिटं. समोर चहाची टपरी होती. तिथे उभं राहून एक चहा प्यायचा, परत यायचं, आणि जुनी डिस्क कोरी झालेली असेल. कोणाला खोटं सांगावं लागणार नाही, कारण कोणी विचारणारच नाही. पाय खरोखरच टपरीकडे वळले होते. नीलकंठराव तिथे किती वेळ उभे राहिले ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, अनुपमनं डिस्कला वायर जोडली होती आणि तो त्यांच्या मान हलवण्याची वाट बघत होता.

त्यांच्या मनात त्या वेळी कुठला मोठा विचार आला असं नाही. कारखान्यात परत पाठवलेल्या प्रत्येक खोक्याबरोबर एक चिठ्ठी जात असे, काय उणं निघालं त्याची. त्यावर तपासणाऱ्याची सही असे. सही नसलेलं खोकं त्यांनी तपासणीवरच्या चोवीस वर्षांत एकदाही परत पाठवलं नव्हतं.

"नहीं भैया," ते म्हणाले. "इसमें अभी काम है." आणि डिस्क मागून घेतली.

तिथून ते थेट पेढीत गेले, अवंतीच्या खोलीचं दार लावलं आणि पहिल्या दिवसापासून सांगितलं. अनिमेषचं नाव सांगितलं, आभाराची ओळ सांगितली, घरातल्या घरात कुलूप कशाला हे आपणच म्हणालो होतो तेही सांगितलं. कालचं 'दुरुस्ती चालू आहे' तेसुद्धा. 

मग अवंतीनं विचारलं, "काका, आत घेताना चेक केलं होतं तुम्ही?"

"मुलगा तपासला होता," नीलकंठराव म्हणाले. "माल नाही."

अवंतीनं खिडकीबाहेर पाहिलं. ती चिडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. तिनं हिशेबानं कामं सांगायला सुरुवात केली. ट्रस्टला आजच कळवायचं, सरकारकडे अशा गोष्टी कळवायची जागा असते तिथे कळवायचं, जुनी डिस्क सील करून ठेवायची. आणि यादीतल्या त्रेसष्ट माणसांना फोन. नीलकंठराव म्हणाले की चूक माझी आहे, फोन मी करतो. एकेकाची माफी मागतो.

"नाही काका," ती म्हणाली. "ती लिस्ट तुम्ही नाही बघायची. किसी को नहीं देखनी."

हे त्यांना लागलं. पण दारातून बाहेर पडताना त्यांना वाटलं, आपल्यासारखा गेज घेऊन बसलेला खडूस माणूस इतकी वर्षं इथे पेढीतच होता, आणि आपण त्याला कुलूपसुद्धा लावू दिलं नव्हतं.

पुढचे दिवस व्हायचे तसे गेले. ट्रस्टनं काम एका कंपनीला दिलं आणि नीलकंठरावांकडून किल्ल्या आणि पासवर्ड लिहून घेतले. अध्यक्ष फार सभ्यपणे बोलले, त्यानं जास्तच वाईट वाटलं. अहवालात नीलकंठरावांनी स्वतःचं नाव पहिल्या वाक्यात घातलं आणि अनिमेषचं तिसऱ्या. अनिमेषनं ओळखीच्या सगळ्या ठिकाणी जाहीर लिहिलं की माझं भांडार आता माझं नाही, ते कोणी वापरू नका. पण त्याच्या जुन्या पानावर त्याला हे लिहिता येईना, कारण ते पान आता त्याच्या हातात नव्हतं. तिथे जबलपूरच्या नीलकंठकाकांचे आभार अजून तसेच होते. जगात कुठे कुठे कोण ते वाचून चांगल्या माणसाचा माल म्हणून उचलत असेल, हा विचार नीलकंठरावांची पाठ सोडेना.

मंडळात गोष्ट पसरली, आणि पसरताना वाढली. हळदीकुंकवाला कोणीतरी ज्योतीबाईंना विचारलं की यादीत कोण कोण आहे हो? ज्योतीबाई वाण न घेता घरी आल्या. विष्णुपंत फिरकले नाहीत. दर सोमवारी दोघं मिळून नर्मदेच्या ग्वारीघाटावर जात, त्या सोमवारी नीलकंठराव एकटेच गेले. नाववाल्यानं विचारलं, दूसरे भैया नहीं आए? तबियत, असं काहीतरी सांगून ते पायरीवर बसून राहिले आणि उन्हं चढल्यावर परत आले.

नवव्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. विष्णुपंत होते. दाढी वाढलेली होती. नीलकंठराव अंगणात उभे राहिले आणि भांडणाला तयार झाले. खरं तर भांडण झालं तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

"अवंतीचा फोन आला होता," विष्णुपंत म्हणाले.

नीलकंठराव घाईनं सांगू लागले की अहवालात अनिमेषवर मी काही लादलेलं नाही, उलट त्यानंच ते चाळीस ओळींचं शोधून काढलं असं स्पष्ट लिहिलंय, हवं तर प्रत दाखवतो. विष्णुपंतांनी हात वर केला.

"अनिमेषसाठी नाही. माझ्यासाठी आला होता."

नीलकंठरावांना कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं, आणि ते मागे सरून ओट्यावर बसले. विष्णुपंतही शेजारी बसले. रस्त्यावरून भाजीची गाडी गेली.

चार वर्षांपूर्वीच्या शिबिरात विष्णुपंतांच्या रक्तात कावीळ ब निघाली होती. कुठून आली त्यांना माहीत नव्हतं. जुनी असेल, एखाद्या सुईची, एखाद्या न्हाव्याच्या वस्तऱ्याची, डॉक्टर म्हणाले सांगता येत नाही. दोन गोष्टी करायला सांगितल्या होत्या. एक, यकृताची तपासणी. ती त्यांनी नागपूरला लग्नाला गेले असताना गुपचूप करून घेतली, ठीक निघाली. दुसरी, हा आजार बायकोलाही लागू शकतो म्हणून तिचं रक्त तपासून तिला लस टोचून घ्यायची.

"पुष्पाला काय सांगणार होतो?" विष्णुपंत म्हणाले. "कुठून आली विचारलं असतं तिनं. मलाच माहीत नाही तर तिला काय सांगू? आज सांगतो, उद्या सांगतो करता करता राहून गेलं. मग वाटलं, काही झालं असतं तर कळलं असतं."

 तुझी ती गोष्ट माझ्यामुळे चव्हाट्यावर गेली असेल, असं नीलकंठराव कसंबसं म्हणाले. पस्तीस वर्षांच्या मित्रासमोर ते पहिल्यांदाच रडत होते आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"गेली असेल," विष्णुपंत म्हणाले. त्यांनी ते नाकारलं नाही, आणि माफही केलं नाही. "त्याचा राग आहे मला. राहीलही. पण अवंतीनं फोनवर एकच विचारलं, काकूंची टेस्ट झाली का. मी हो म्हणालो. पुष्पा समोर मटार सोलत होती. कोणाचा फोन म्हणाली, तर बँकेचा म्हणालो. एका मिनिटात दोन खोटी. चार दिवस झाले, मला जेवण जाऊन नाही राहिलं."

थोड्या वेळानं ते उठले.

"मी म्हणालो तसं तू पुसून टाकलं असतंस ना, तर मी मरेपर्यंत पुष्पाला हे बोललो नसतो," ते म्हणाले. "चल माझ्याबरोबर. एकट्याच्यानं होत नाही."

नीलकंठरावांनी आत जाऊन तोंड धुतलं, ज्योतीबाईंना येतो म्हणाले आणि चपला घातल्या. दोन गल्ल्यांचं अंतर, पण दोघंही सावकाश चालले. वाटेत विष्णुपंत एकदा थांबले आणि विचारलं की तपासणीचा निकाल यायला किती वेळ लागतो. नीलकंठराव म्हणाले की बहुतेक एक दिवस, अवंतीला विचारू.

दार पुष्पावहिनींनी उघडलं. दोघांना बरोबर पाहून त्यांचा चेहरा खुलला. झालं एकदाचं, नऊ दिवस तोंड पाडून बसले होते, असं म्हणत त्या हसत हसत चहा टाकायला वळल्या.

"पुष्पा," विष्णुपंत म्हणाले, "चहा नंतर. इथे बस जरा."

वहिनींनी आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग नीलकंठरावांकडे. आणि हातातलं भांडं तसंच धरून त्या बसल्या.